कोब्याची निगा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या दोन-तीन महिन्यांत सिमेंटच्या जमिनींविषयी इतकी पत्रे आली की या वेळचे संपूर्ण सदर त्यांनाच देत आहोत. कोणाकडे आजोबांच्या काळातला तांबडा कोबा आहे, कोणाकडे गवंडी ज्याला ‘आयपीएस’ म्हणतात तो काचेच्या पट्ट्यांचा कोबा आहे, तर कोणी नव्या घरात मुद्दाम पॉलिश केलेले काँक्रीट करून घेतले आहे. नावे निराळी असली तरी या सगळ्यांचा जीव सिमेंटातच आहे आणि त्यांची दुखणीही बरीचशी सारखी आहेत. त्यामुळे दुसऱ्याच्या प्रश्नाचे उत्तरही वाचावे, अशी विनंती.

प्रश्न : पुण्यातील आमच्या नव्या घरात पॉलिश केलेले काँक्रीट आहे. सहा महिन्यांतच स्वयंपाकघरात ओट्यापाशी फिकट ठिपके पडले असून ते कितीही पुसले तरी जात नाहीत. ठेकेदार म्हणतो, तुम्ही जमीन नीट पुसत नाही. दोष नेमका कोणाचा आणि आता उपाय काय?

उत्तर : सकाळी खिडकीतून तिरपा उजेड येत असताना खाली बसून त्या ठिपक्यांकडे पाहा आणि त्यांवरून नख फिरवा. ठिपका आजूबाजूच्या जमिनीपेक्षा निस्तेज दिसला आणि नखाला किंचित खरखरीत लागला, तर तो डाग नसून आम्लाने खाल्लेली जागा आहे. सिमेंट पाण्याशी संयोग पावून घट्ट होते तेव्हा त्यात बराचसा चुना तयार होतो, आणि आम्ल या चुन्यालाच विरघळवते. लिंबाची फोड, चिंचेचा कोळ, कोकमाचे आगळ, टोमॅटोचा रस, फार काय सांडलेले ताक, यांपैकी काहीही दहा-पंधरा मिनिटे पडून राहिले की वरचा तकाकीचा थर जातो. मग पुसण्याने काही होत नाही, कारण पुसून काढण्यासारखे तिथे काही उरलेलेच नसते.

ठेकेदाराचे म्हणणे म्हणूनच बरोबर नाही. मात्र जमिनीवर कोणते संरक्षक द्रव्य लावले आहे आणि ते केव्हा पुन्हा लावायचे, हे काम सोपवताना त्याने सांगायला हवे होते आणि आपणही विचारायला हवे होते. जमिनीवर पाण्याचा एक मोठा थेंब टाकून पाच मिनिटे थांबा. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर संरक्षण शाबूत आहे. खालची जागा गडद होऊन थेंब पसरला तर ते संपले आहे. ओट्यापाशी आणि दाराच्या उंबऱ्याशी ते नेहमी आधी संपते. ॲक्रिलिकचा पातळ थर असेल तर वर्षा-दोन वर्षांनी तो पुन्हा द्यावाच लागतो.

दुरुस्तीसाठी हिऱ्याची पूड बसवलेल्या हाताच्या चकत्या मिळतात. पाणी शिंपडत आधी ४००, मग ८००, मग १५०० क्रमांकाच्या चकतीने घासावे, जागा पूर्ण वाळू द्यावी आणि मग संरक्षक द्रव्य लावावे. फक्त ठिपकाच घासला तर तिथे चमकदार बशी उमटल्यासारखे दिसते, म्हणून पट्टीपासून पट्टीपर्यंतचा अख्खा खण घासून घ्यावा. म्हणजे छटेतला फरक पट्टीच्या रेषेत लपतो. कोरडे घासू नये. त्या धुळीतील सिलिका फुप्फुसांना अपायकारक असते.

रोजच्या निगेचे सांगायचे तर आधी कोरड्या, मऊ झाडणीने केर काढावा, कारण चपलेबरोबर आलेली वाळू पायाखाली पॉलिश-कागदासारखे काम करते. मग बादलीभर पाण्यात चमचाभर सौम्य, आम्लरहित साबणद्रव घालून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावे. व्हिनेगर, लिंबू, संडास धुण्याचे ॲसिड हे सारे वर्ज्य. ‘नैसर्गिक घरगुती उपाय’ म्हणून लिंबू आणि सोडा सुचवणारे संदेश फिरत असतात, ते कोब्याच्या घरासाठी नाहीत.

हे मी पोटतिडिकेने लिहितो त्याला कारण आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्याच घरात ओल्या बुडाचा गॅस सिलिंडर महिनाभर एका जागी राहिला आणि कोब्यावर गंजाचे तांबूस वर्तुळ उमटले. मी शहाणपणाने त्यावर लिंबू चोळले. गंज फिकट झाला, पण वर्तुळाच्या जागी पांढुरके, खडबडीत कडे कायमचे बसले. पुढे कळले की गंजासाठी एक भाग सोडियम सायट्रेट सहा भाग कोमट पाण्यात विरघळवून, त्यात तितकेच ग्लिसरीन आणि लगदा होईल इतकी खडूची पूड कालवून थापायची, वर प्लास्टिक झाकायचे आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लगदा बदलायचा. वेळ लागतो, पण चकाकी शाबूत राहते. तेलाच्या डागालाही हीच थापण्याची रीत चालते. तिथे मुलतानी माती आणि धुण्याचा सोडा पाण्यात कालवून लावावा आणि वाळल्यावर खरवडून काढावा. दोन्ही उपाय आधी कोपऱ्यात करून पाहावेत.

प्रश्न : चिपळूणजवळ आमचे बैठे घर आहे. जून महिना लागला की माजघरातील कोब्याला अक्षरशः घाम फुटतो, आणि पाऊस सरला की भिंतीच्या कडेने पांढरी भुकटी फुलते. एका कारागिराने इपॉक्सीचा जाड थर देण्याचा सल्ला दिला आहे. द्यावा का?

उत्तर : तूर्त देऊ नका. आपल्या पत्रात दोन निरनिराळी दुखणी एकत्र झाली असण्याचा संभव आहे, आणि ती वेगळी केल्याशिवाय औषध ठरवता येत नाही.

पहिले दुखणे हवेतून येते. मे महिन्याच्या अखेरीस समुद्रावरून येणारी हवा उष्ण आणि दमट असते, तर मातीला टेकलेली जमीन त्या मानाने थंड असते. थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब धरतात, तसे हवेतील बाष्प जमिनीवर धरते. हे पाणी जमिनीतून आलेले नसते. दुसरे दुखणे खालून येते. पावसाळ्यात भूजलाची पातळी वर चढते, जोत्याभोवतीची माती भिजते आणि कोब्याच्या सूक्ष्म छिद्रांतून ओल वर शोषली जाते. वाटेत ती सिमेंटातील चुना आणि मातीतील क्षार विरघळवून आणते. वर आल्यावर पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात, आणि चुना हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून पांढरा थर धरतो. यालाच आपल्याकडे लोणा लागणे म्हणतात.

कोणते दुखणे आहे हे एका रात्रीत कळते. साधारण ४५ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा जाड, पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा कोब्यावर पसरून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि किमान १६ तास तसाच ठेवा. त्या जागी ऊन पडता कामा नये. सकाळी प्लास्टिकच्या वरच्या अंगाला थेंब असतील तर ते हवेचे पाणी आहे. खालच्या अंगाला थेंब असतील किंवा कोबा गडद झाला असेल तर ओल जमिनीतून येते आहे. माजघराच्या मध्यभागी एक आणि भिंतीच्या कडेला एक असे दोन तुकडे लावा. माझा अंदाज असा की मधल्या तुकड्याच्या वर पाणी सापडेल आणि कडेच्या तुकड्याच्या खाली.

हवेच्या पाण्यावर उपाय सोपा आहे आणि थोडा उलटाही आहे. ओल दिसली की आपण खिडक्या उघडतो, पण भर दुपारी दमट हवा आत घेतली की घाम वाढतो. जमीन पुसून पंखा चालू ठेवावा आणि बाहेर वारा कोरडा असेल तेव्हाच दारे-खिडक्या उघड्या टाकाव्यात. जमिनीच्या मोठ्या भागावर चटई किंवा रबरी बुडाची पायपुसणी दिवसेंदिवस पसरून ठेवू नयेत, कारण त्यांच्याखाली ओल कोंडते आणि रबराचा तपकिरी ठसा कोब्यात उतरतो.

खालून येणाऱ्या ओलीसाठी मात्र घराबाहेर पडावे लागते. भर पावसात छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा आणि पागोळ्या नेमक्या कुठे पडतात ते पाहा. कोकणातल्या कितीतरी घरांत त्या जोत्यापासून हातभर अंतरावर वर्षानुवर्षे पडून चर खणतात आणि तिथे साचलेले पाणी भिंतीच्या बुडाशी मुरते. वळचणीला पन्हळ लावून पाणी दूर सोडणे, जोत्याभोवतीच्या जमिनीला बाहेरच्या बाजूस उतार देणे आणि जोत्याला टेकवलेली फुलझाडांची आळी हलवणे एवढ्या तीन गोष्टींनीच कडेचा लोणा पुष्कळ घटतो. जांभ्याचा दगड पाणी शोषतो, त्यामुळे आपले जोते जांभ्याचे असेल तर हे काम अधिकच महत्त्वाचे.

भुकटी आहे ती पाण्याने धुऊ नका. धुतल्याने क्षार विरघळून पुन्हा आत शिरतात आणि आठवड्याभरात वर येतात. कोरड्या ताठ ब्रशने झाडून सुपात घ्या आणि बाहेर टाका.

आता इपॉक्सीविषयी. तो थर वाफेलाही बाहेर पडू देत नाही. खालून ओल येत असताना वरून असे झाकण घातले तर एक-दोन पावसाळ्यांत त्याला फोड येतात आणि ते पोपडे काढताना कोब्याचा वरचा थरही सुटून येतो. ओल कमी झाल्याची खात्री उन्हाळ्यात नव्हे, पुढच्या सप्टेंबरात त्याच प्लास्टिकच्या तुकड्याने करून घ्या. त्यानंतर थर न धरता आत मुरणारे सिलेन-सिलोक्झेन जातीचे द्रव्य लावता येईल. ते पाण्याला अडवते, पण वाफेची वाट मोकळी ठेवते. कधी काळी हा कोबा उखडून नवा करायची वेळ आलीच, तर त्याखाली २५० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद, सांध्यावर वीतभर दुमड घेऊन, विसरू नका.

प्रश्न : लग्नाच्या हळदीत आमच्या नव्या कोब्यावर हळद सांडली. ताबडतोब पुसली, तरी पिवळा डाग न पडता लालसर डाग पडला. कुंकूही सांडले होते का, यावरून घरात वाद आहे!

उत्तर : वाद मिटवा, हळदच आहे. हळदीचा रंग चुन्याच्या संगतीत लाल होतो. हळदीला चुना लावून कुंकू करण्याची रीत आपल्याला ठाऊकच आहे. नव्या सिमेंटात चुना भरपूर असल्याने आपल्या जमिनीनेच तिचे कुंकू केले. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, म्हणून डागावर ऊन येत असेल तर काही दिवस वाट पाहणे हाच उत्तम उपाय. ऊन येत नसेल तर औषधाच्या दुकानातील तीन टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडने भिजवलेली कापसाची घडी तासभर ठेवावी आणि नंतर साध्या पाण्याने पुसावे. लिंबू नको, हे आता वेगळे सांगत नाही.

प्रश्न : कोल्हापूर जिल्ह्यातील आमच्या जुन्या घरात सोप्याला आणि माजघराला तांबडा कोबा आहे. आजीच्या वेळी तो आरशासारखा होता असे सांगतात. आता तो काळपट, चिकट झाला आहे आणि मध्यंतरी केलेले ठिगळ विटकरी दिसते. आत्याबाई म्हणतात खोबरेल तेल चोळा. एक नातेवाईक म्हणतात की उन्हाने रंग उडाला आहे, वरून तांबडा रंग देऊन टाका.

उत्तर : रंग देऊ नका. पायाखालचा ऑइलपेंट वर्षभरात पापुद्रे टाकतो आणि मग मूळ कोबा परत मिळवणे फार कष्टाचे होते. रंग उन्हाने उडाला हेही खरे नसावे. तांबड्या कोब्यातील रंगद्रव्य म्हणजे लोहाचा ऑक्साइड, थोडक्यात गंजाचाच भाऊ, आणि तो उन्हाने फिका पडत नाही. आपल्याला दिसतो आहे तो कित्येक वर्षांच्या मेणाचा, तेलाचा आणि त्यात रुतलेल्या धुळीचा थर.

तो काढणे हेच खरे काम आहे, आणि ते घाईचे नाही. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेले फडके हातभर जागेवर दोन मिनिटे ठेवावे, मग मऊ ब्रशने गोल फिरवून लगेच स्वच्छ फडक्याने टिपून घ्यावे आणि पुढच्या जागेकडे जावे. पहिली दोन-तीन फडकी काळीभोर निघतील. या काळात दारे-खिडक्या उघडी असावीत आणि घरात शेगडी, समई, उदबत्ती काहीही पेटलेले नसावे. मेण निघाल्यावर सौम्य साबणाने पुसून जमीन चार दिवस वाळू द्यावी. बहुतेक घरांत आजीचा कोबा इथेच परत दिसू लागतो.

आत्याबाईंचे म्हणणे अगदी टाकाऊ नाही. गोव्यात आणि दक्षिणेत खोबरेल तेलाने तांबड्या जमिनी राखण्याची जुनी चाल आहे. मात्र खोबरेल कधीच सुकत नाही. त्यामुळे पूर्वी ते नारळाच्या सोडणाने किंवा कापडाने अगदी थोडे लावून, दमछाक होईपर्यंत घासून, उरलेले पुसून घेत. हल्ली तेल ओतले जाते आणि घासणारे हात नसतात, म्हणून जमीन चिकट होते आणि धूळ धरते. घासणारे हात असतील तर महिन्यातून एकदा जरूर लावा. नसतील तर जमिनीचे मेण अगदी पातळ लावून कोरड्या कापडाने चमकवावे, आणि आधीचा थर काढल्याशिवाय वर्षानुवर्षे त्यावर थर चढवू नयेत. जवसाचे तेल हवेत सुकून घट्ट होते, म्हणून काही जण तेच पसंत करतात. पण त्याने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती अंगणात पसरून वाळवावीत आणि मगच फेकावीत.

ठिगळाबद्दल खरे सांगायचे तर जुन्या कोब्याशी तंतोतंत जुळणारे ठिगळ मी आजवर पाहिलेले नाही. सिमेंटाचा स्वतःचा करडेपणा, पाण्याचे प्रमाण, घोटाईचा जोर आणि मधली पन्नास-साठ वर्षे, यांतले काहीच जुळत नाही. रंगद्रव्य वाढवून जुळवण्याचा मोह होतो, पण सिमेंटाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपलीकडे ते घातले की थर भुसभुशीत होतो. तेव्हा ठिगळ करायचेच असेल तर वेड्यावाकड्या आकाराचे न करता सरळ चौकोनी कापून करावे आणि गवंड्याकडून आधी तीन-चार प्रमाणांचे नमुने फळीवर घोटून घ्यावेत. ते महिनाभराने, पूर्ण वाळल्यावर, उजेडात जमिनीशेजारी ठेवून निवडावेत. ओला नमुना नेहमी गडद दिसतो आणि त्यावर विसंबून आपल्या घरातले ते विटकरी ठिगळ झाले असावे.

प्रश्न : नाशिकच्या आमच्या घरात गेल्या एप्रिलमध्ये केलेल्या कोब्याला केसासारख्या बारीक भेगांचे जाळे पडले आहे. शिवाय दिवाणखान्यात एक लांब भेग आहे. घाबरण्याचे कारण आहे का?

उत्तर : जाळ्याचे नाही. ओल्या कोब्यावर पाणी सुटले असतानाच कोरडे सिमेंट भुरभुरून तो गुळगुळीत घोटला, किंवा एप्रिलच्या उन्हात वरचा थर झपाट्याने वाळला, की असे जाळे पडते. ते नुसत्या त्वचेपुरते असते. साध्या सिमेंटच्या कामावर किमान सात दिवस आणि कोरड्या, उष्ण हवेत किमान दहा दिवस पाणी मारावे, असा आपल्याकडचा दंडक आहे. प्रत्यक्षात तिसऱ्या दिवशी लाकूडकाम सुरू होते, ही गोष्ट निराळी.

लांब भेगेची मात्र थोडी चौकशी करा. काँक्रीट वाळताना ढोबळमानाने दर मीटरला अर्धा मिलिमीटर आकसते, म्हणजे चार मीटरच्या खोलीत दोन मिलिमीटर. हा आकस कुठेतरी निघतोच. तो रेषेत निघावा म्हणून खण पाडून पट्ट्या घालतात. आपल्या दिवाणखान्यात ‘अखंड दिसावे’ म्हणून पट्ट्या गाळल्या असतील, तर भेगेने स्वतःची पट्टी आखून घेतली आहे. भेगेच्या दोन्ही टोकांवर पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख लिहा आणि चार महिने दर पंधरवड्याला पाहा. रेघेच्या पुढे गेली नाही तर भेग स्थिरावली आहे, ती पातळ इपॉक्सीने भरता येईल. ऋतूप्रमाणे रुंद-अरुंद होत असेल तर लवचिक पॉलियुरेथेन भरावे, कारण कडक भरणीच्या शेजारी नवी भेग उघडते. भेगेची एक बाजू दुसरीपेक्षा वर आली असेल किंवा तीच रेषा भिंतीवर चढली असेल, तर मात्र गवंड्याला न बोलावता संरचना अभियंत्याला बोलवा.

आणखी एक करा. भेगेच्या आजूबाजूला लाकडी मुठीने ठोकून पाहा. टणक आवाजाऐवजी बद्द आवाज आला तर कोबा खालच्या थरापासून सुटला आहे. तेवढा खण काढून पुन्हा करावा लागतो, वरून काही भरून भागत नाही.

प्रश्न : मुंबईत सातव्या मजल्यावर आमचा जुना फ्लॅट आहे. असलेल्या लाद्यांवरच कोबा करून घेता येईल का?

उत्तर : चाळीस मिलिमीटरचा कोबा दर चौरस मीटरला जवळजवळ ९६ किलो भरतो, म्हणजे दहा चौरस मीटरच्या खोलीत टनभर वजन वाढते. जुन्या इमारतीच्या स्लॅबवर ते अभियंत्याच्या लेखी सल्ल्याशिवाय आणि सोसायटीच्या परवानगीशिवाय टाकू नये. शिवाय सगळी दारे खालून कापावी लागतील. त्याऐवजी दोन-तीन मिलिमीटरचा सूक्ष्म सिमेंटचा थर लाद्यांवर देता येतो. त्याआधी प्रत्येक लादी ठोकून पोकळ वाजणाऱ्या लाद्या पक्क्या कराव्यात आणि सांधे भरून सपाट करावेत. हे केले नाही तर काही महिन्यांत लाद्यांचा चौकट-नकाशा वरच्या थरातून दिसू लागतो. हा थर नाजूक असतो. त्यावरून कपाट ओढत नेणे त्याला सोसत नाही.

प्रश्न : माझे वडील ७८ वर्षांचे आहेत. घोटलेल्या कोब्यावर ते घसरतील अशी धास्ती वाटते. जमीन उखडून टाकावी का?

उत्तर : कोरडा, स्वच्छ कोबा फारसा घसरडा नसतो. घसरतो तो त्यावरचा मेणाचा, साबणाचा किंवा टाल्कम पावडरीचा थर आणि पाणी. मेण पूर्ण काढून टाका, पुसल्यावर साध्या पाण्याचा आणखी एक हात फिरवा आणि ती जागा वाळेपर्यंत वडिलांना तिकडे जाऊ देऊ नका. न्हाणीघर आणि त्याच्या दारापुढची दोन पावले एवढीच जमीन खरोखर बदलण्याजोगी आहे. तिथे गुळगुळीत घोटाई नकोच. जुने गवंडी ओल्या कोब्यावर सुतळी ताणून दाबत आणि बोटभर अंतराच्या चौकटी उमटवत, तसेच करून घ्या. पाणी त्या रेघांतून मोरीकडे जाते आणि तळव्याला पकड मिळते. उतार मोरीच्या दिशेला आहे ना, हे गवंडी उठण्याआधी तांब्याभर पाणी ओतून पाहा.